अजून वाळलं नाही

पाटीवर एकही चूक नाही याची क्लिऑन मेब्रीला पुरेपूर खात्री होती, आणि म्हणूनच त्याने समारंभाच्या दोन दिवस आधी मिस ओझेलांना पाटी दाखवायला मुद्दाम बोलावून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शनिवारी चौकात कापड ओढल्यावर जे व्हायचं ते झालंच असतं. गुरुवारीच उरकून घ्यायची काही गरज नव्हती.

क्लिऑन हा डॉसेट स्प्रिंग गावच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचा आणि स्मृतिफलक समितीचा चिटणीस होता. चिटणीस म्हणजे समितीतल्या सात जणांपैकी जो काम करतो तो. देणग्या, फाउंड्रीशी पत्रव्यवहार, पाटीवरचा मजकूर, सगळं त्याच्या गळ्यात. मजकूर एका बाईबद्दल होता. ती याच गावात गुलाम म्हणून जन्मली, एकोणिसाव्या वर्षी मोकळी झाली, पुढे सत्तावन्न वर्षं तिने गावाचे कपडे धुतले आणि शहात्तराव्या वर्षी वारली. कोर्टासमोरच्या चौकात आजवर एक दगडी शिपाई, एक तोफ आणि पाणी न येणारं कारंजं एवढंच होतं. आता त्यांच्या शेजारी तिचीही पाटी लागणार होती.

मिस ओझेला ग्रिग्ज तिची पणती. वय एक्याण्णव. चौतीस वर्षं त्यांनी शाळेच्या जेवणघरात पाव भाजले. गावात तिशीच्या पुढे जे कोणी आहे ते बहुतेक त्यांच्या हातचं खाऊन वाढलंय, आणि क्लिऑनने तर रांगेत दोनदा उभं राहून खाल्लंय. आदल्या जुलैत त्यांनी त्याला फोनवर एकच गोष्ट सांगितली होती: "माझ्या पणजीचं नाव तेवढं नीट लिही रे बाळा."

क्लिऑनने हे इतकं मनावर घेतलं की विचारू नका. 'व्हायनी'च्या शेवटी वाय लावायचा की आय-ई, यावर त्याने तीन आठवडे घातले. जनगणनेत एक स्पेलिंग, चर्चच्या वहीत दुसरं, वर्तमानपत्रात तिसरं. कबरीवरची फळी केव्हाच कुजून गेलेली. शेवटी वर्तमानपत्र प्रमाण मानून त्याने मजकूर पाठवला, फाउंड्रीने सात महिने घेतले, आणि एप्रिलच्या त्या गुरुवारी माउंट नेबो चर्चच्या मागे, त्याच्या पिकअपच्या फळीवर लाकडी पेटी उघडून तो अभिमानाने बाजूला झाला.

मिस ओझेलांनी काठी फळीला टेकवली, चष्मा लावला आणि उठावाच्या अक्षरांवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ होती: 'व्हायनी मावशी'. बोट तिथेच थांबलं.

"कोणाची?" त्यांनी विचारलं.

"मॅम?"

"मावशी कोणाची, ते विचारतेय. तिला एकच बहीण होती. ती नऊ वर्षांची असताना अलाबामात विकली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. मग ही मावशी झाली कोणाची?"

क्लिऑन म्हणाला, आपल्या चर्चमध्ये आपण सगळ्याच मोठ्या बायकांना मावशी म्हणतो की. माझी आई तुम्हालाही मावशीच म्हणते.

"आपण आपल्यात म्हणतो ते वेगळं. हे तू कुठून उचललंस?"

उचललं होतं वर्तमानपत्रातून. एकोणीसशे बावीस सालच्या तिसऱ्या पानावर, खतांच्या जाहिरातीखाली चार ओळी होत्या: 'आपली इमानी धोबीण व्हायनी मावशी काल निवर्तली.' त्याने 'इमानी' काढलं होतं. 'धोबीण' काढून 'व्यावसायिका' घातलं होतं. म्हणजे आपण किती जागरूक, असं वाटून त्या दिवशी तो स्वतःवर खूशही झाला होता.

"ज्या गोऱ्यांचे कपडे तिने धुतले ते तिला मावशी म्हणायचे," मिस ओझेला म्हणाल्या. "मावशीला कुणी मागच्या दाराने आत घेतं का रे? मिसेस म्हणायला लागू नये म्हणून मावशी. तुला मी नाव नीट लिही म्हटलं होतं."

"मॅम, मला वाटलं, स्पेलिंग..."

"स्पेलिंगला कोण रडतंय."

ध चा मा झाला असता तर फाउंड्रीवर ढकलता आलं असतं. इथे ध जसाच्या तसा छापला होता, आणि घोळ नेमका तोच होता. क्लिऑनने पेटीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. त्याने फाउंड्रीला फोन केला. पुन्हा ओतायची तर रांग आठ-नऊ महिन्यांची होती. मिस ओझेला तोवर पिकअपच्या पायरीवर बसून उकडलेल्या शेंगा सोलत होत्या, आणि सोलता सोलता त्यांनी त्याला ते सांगितलं जे त्याने जुलैतच जाऊन विचारायला हवं होतं.

व्हायनीचं खरं नाव लव्हिनिया. ती मोकळी झाली त्याच्या पुढच्याच वर्षी तिने एमॉस स्टॉलवर्थशी कोर्टात जाऊन लग्न केलं. लग्न तसं आधीच झालं होतं, झाडाखाली, मालकाच्या परवानगीने. पण मालक परवानगी देतो तशी काढूनही घेतो, म्हणून हे दुसरं, सरकारी शिक्क्याचं. चार वर्षांत एमॉस लाकडाच्या गिरणीतल्या अपघातात गेला. मागे उरलं एक मूल, एक तीन पायांचा लोखंडी हंडा आणि एक शब्द. मूल वाढवलं, हंड्यात कपडे उकळले, आणि शब्द कुणाला घेऊ दिला नाही.

सोमवारी मिसेस स्टॉलवर्थ घरोघरचं धुणं गोळा करायच्या. ओढ्याकाठी उकळायचं, धोपटायचं, नीळ द्यायची, गव्हाच्या कोंड्याची खळ घालायची. शनिवारी डोक्यावर टोपली घेऊन प्रत्येक घराच्या समोरच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मिसेस स्टॉलवर्थ. धुणं आणलंय." आतून कुणी म्हटलं, कोण, व्हायनी मावशी का, ये मागून ये, की म्हणायच्या, "त्या नावाचं इथे कुणी नाही," आणि टोपली घेऊन परत घरी. रविवारी त्या घरातली माणसं चर्चला शनिवारच्याच कपड्यांत.

हे त्यांना फुकट पडलं नाही. दोनदा वाळत घालायच्या दोऱ्या कापल्या गेल्या, एकदा हंड्यात डांबर ओतलं, एक हिवाळा तर त्यांनी आणि पोराने नुसत्या मक्याच्या पिठावर काढला. पण शर्टाच्या छातीवर तशी चकाकी तीन जिल्ह्यांत कुणाच्या इस्त्रीने येत नव्हती. शेवटी गावाने मिळून एक तोड काढली: त्यांना काहीच म्हणायचं नाही. मावशी नाही, मिसेस नाही. दार उघडायचं, भिंतीकडे बघायचं आणि म्हणायचं, "धुणं आलं वाटतं." अख्खं गाव पुढची तीस-चाळीस वर्षं भिंतींशी बोलत राहिलं. बाई गेल्यावर मात्र वर्तमानपत्राने चार ओळींत उट्टं काढलं. मेलेला माणूस टोपली परत नेत नाही.

"आणि तू ते लोखंडात ओतून आणलंस," मिस ओझेला म्हणाल्या.

"ॲल्युमिनियम आहे, मॅम," क्लिऑन म्हणाला, आणि म्हणाल्याबरोबर त्याला ओढ्यात जाऊन बसावंसं वाटलं.

समारंभ रद्द होणार नव्हता. आमंत्रणं गेली होती, शाळेचा बँड ठरला होता. मिस ओझेला आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, प्रार्थनेला उभ्या राहिल्या. समितीचे अध्यक्ष मिस्टर टिडवेल यांनी हात धरून त्यांना पाटीपाशी नेलं आणि पांढऱ्या चादरीचं टोक त्यांच्या हातात दिलं. ते कापड त्यांनी दोन बोटांत धरून चाचपलं, दोरीवरचं धुणं चाचपतात तसं. मग सोडून दिलं.

"अजून वाळलं नाही," त्या म्हणाल्या, आणि जाऊन बसल्या.

काय करावं ते न कळून बँड वाजायला लागला.

आता चादर ओढायला मिस्टर टिडवेल यांना कुणाची बंदी नव्हती. पण एक्याण्णव वर्षांच्या बाईच्या पणजीच्या पाटीवरचं कापड तिच्यादेखत, शंभर फोन रोखलेले असताना खेचायचं म्हणजे फार उद्धट माणूस हवा, आणि मिस्टर टिडवेल गावातले सगळ्यात सभ्य गृहस्थ होते. सभ्य माणूस अडकला की असा अडकतो. त्यांनी सगळ्यांना पाउंड केक आणि गोड गार चहा घ्यायला सांगितलं.

सोमवारी त्यांनी क्लिऑनला आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बोलावलं.

"क्लिऑन, पोरा," ते म्हणाले, "आमच्या घरात तिला सगळे मावशीच म्हणायचे. प्रेमाने."

क्लिऑनने पाटी बदलायचा विषय काढला. मिस्टर टिडवेल यांनी खण उघडून समितीचे नियम काढले. नियम चार: पाटीवरचा प्रत्येक शब्द जुन्या कागदपत्रावर आधारलेला असावा. हा नियम क्लिऑननेच लिहिला होता. टिडवेलांच्या घरात कुठलासा सेनापती एक रात्र झोपून गेल्याची गोष्ट पाटीवर येऊ नये म्हणून खास लिहिला होता.

"तिला कुठे मिसेस म्हटलेलं मला दाखव," मिस्टर टिडवेल म्हणाले. "मी पहिला हात वर करतो."

पुढचे तीन आठवडे क्लिऑन शाळा सुटली की कोर्टाच्या तळघरात. जनगणनेत 'व्हायनी, कपडे धुणारी'. कराच्या वहीत 'व्हायनी'. जमिनीच्या कागदावर नाव नाही, नुसती फुली. शेवटी एका फुगलेल्या रजिस्टरात त्याला लग्नाचा परवाना सापडला: एमॉस स्टॉलवर्थ आणि लव्हिनिया. तो धावतच दुकानात गेला. मिस्टर टिडवेल यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"यात मिसेस कुठे आहे?"

"सर, लग्नाच्या परवान्यावर नवरीला मिसेस कसं म्हणतील? तेव्हा ती झालेली नसते."

"तेच तर म्हणतोय. यात नाही."

क्लिऑन बाहेर येऊन पिकअपमध्ये बसला आणि बराच वेळ नुसता स्टिअरिंगकडे बघत राहिला. आपण एका भिंतीशी बोलून आलो, की भिंत आपल्याशी बोलून गेली, हे त्याला ठरवता येईना.

इकडे दुसरी भिंत होतीच. समारंभाच्या आठवड्यातच मिस ओझेलांचा फोन आला होता. चादरीवर पक्ष्यांनी घाण केली आहे. माझ्या पणजीच्या नावावर मळकं कापड मला चालणार नाही. चूक ज्याने केली तो धुणं करील. मशीन नाही, मशीनने खळ बसत नाही.

म्हणून दर शुक्रवारी क्लिऑन मेब्री, इतिहासाचा पदवीधर, मिस ओझेलांच्या स्वयंपाकघरात चादर धुऊन, नीळ देऊन, खळ घालून, इस्त्री करायला लागला. पहिल्या खेपेला खळीच्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्या खेपेला इस्त्रीचा पिवळा ठसा उमटला, होडीसारखा.

"इतिहास पण असाच शिकवतोस का, सुरकुत्या ठेवून?" मिस ओझेला खुर्चीतून म्हणायच्या.

मे महिन्यात पाऊस झाला तेव्हा नवंच झेंगट उभं राहिलं. ओलं कापड पाटीला चिकटलं आणि उठावाची अक्षरं लख्ख दिसायला लागली, तीही नेमकी पहिल्या ओळीची. तेव्हापासून चादरी दोन, आणि खळ दुप्पट. वाऱ्याने चादर उडाली की कुणीतरी परत लावून ठेवायचं. कोण, ते कळत नव्हतं, पण लाकडी चिमटे मात्र वाढत होते. क्लिऑनने चार लावले होते. जूनपर्यंत अकरा झाले. गावात बोलण्याची एक नवी पद्धत पडली. न्हाव्याच्या दुकानात कुणी उधारी मागितली की समोरचा म्हणायचा, अजून वाळलं नाही.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी क्लिऑनची इस्त्री बघून मिस ओझेलांनी मान हलवली आणि त्याला पलंगाखालची पेटी ओढायला लावली. कडक कशाला म्हणतात ते बघ, म्हणाल्या. पेटीत जुन्या कापडात गुंडाळलेला एक शर्ट होता. पुरुषाचा, पांढरा, जाड छातीचा, परीटघडीचा. एवढ्या वर्षांनी तो हस्तिदंती झाला होता, पण छातीवर नख वाजलं असतं.

"कोणाचा?"

"जज्ज टिडवेलचा. आपल्या टिडवेलचा पणजोबा. अख्खं गाव गप्प राहायला शिकलं, हा नाही शिकला. मावशीच म्हणत राहिला. म्हणून शर्ट राहिला."

शर्टाच्या टोकाला गंजक्या टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती. क्लिऑनने वाचली, आणि हातातली इस्त्री आधी खाली ठेवली. अक्षर वळणदार, शाई तपकिरी: 'मिसेस स्टॉलवर्थ, कृपया माझा शर्ट पाठवावा. ई. टिडवेल.'

गव्हर्नर जेवायला येणार होते, मिस ओझेला म्हणाल्या, आणि जज्जसाहेबांकडे तसा शर्ट एकच होता. तोंडाने म्हणवेना, म्हणून नोकराच्या हाती चिठ्ठी पाठवली. पणजीने चिठ्ठी ठेवून घेतली आणि नोकराला सांगितलं, लिहिणाऱ्याला बोलता येतं ना, मग दाराशी येऊन बोल म्हणावं. जज्जसाहेब आले नाहीत. भर जूनमध्ये गळ्यापर्यंत कोटाची बटणं लावून गव्हर्नरांबरोबर जेवले.

"मिस ओझेला," क्लिऑन म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "तीन आठवडे मी तळघरात धूळ खाल्ली. अकरा आठवडे चादरी धुतोय. आणि हा कागद तुमच्या पलंगाखाली होता?"

"होता."

"हा दाखवला की उद्या पाटी बदलेल."

"बदलेल. म्हणून दाखवायचा नाही."

क्लिऑनने हातच टेकले.

"कागद दाखवून म्हणायला लावलं, तर ते त्याच्या पणजोबाने म्हटलेलं होईल, बाळा. याने नाही. कागदावर मान घ्यायचा असता तर तिने तेव्हाच शर्ट देऊन टाकला असता. शब्द दे मला."

"तुम्ही एक्याण्णव वर्षांच्या आहात, मॅम." हे बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं.

"मला मोजता येतं," मिस ओझेला म्हणाल्या. "पाटी नीट झालेली बघायचीय मला. पण तिने आयुष्यभर केलं ते मोडून नाही बघायचीय."

त्याने शब्द दिला. कसला वैताग घेऊन दिला ते त्यालाच माहीत.

मंगळवारी समितीची बैठक होती. मिस्टर टिडवेल यांनी सगळ्यांसमोर, अगदी मनापासून विचारलं, "क्लिऑन, काही कागद मिळाला का?" सहा जणांचे डोळे त्याच्यावर. त्याला चिठ्ठीची घडी, टाचणीचा गंज, 'शर्ट'चं लांबवलेलं शेवटचं अक्षर, सगळं दिसत होतं.

"नाही सर," तो म्हणाला. पुरावा असून नाही म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ. आणि वर त्याला दुकानदाराची सहानुभूती ऐकून घ्यावी लागली: शोधत राहा, पोरा, निराश होऊ नकोस.

पीच महोत्सव तोंडावर आला तसा मिस्टर टिडवेलांचा धीर सुटला. बाहेरगावची माणसं येणार, चौकात फोटो काढणार, आणि दगडी शिपायाच्या शेजारी अकरा चिमट्यांचं धुणं. एका शुक्रवारी संध्याकाळी ते पीचची पिशवी घेऊन मिस ओझेलांच्या पडवीत आले. क्लिऑन आत इस्त्री करत होता. जाळीच्या दारातून सगळं ऐकू येत होतं.

हवापाणी झालं, गुडघे झाले. मग मिस्टर टिडवेल म्हणाले, चौकातल्या त्या गोष्टीचं काहीतरी करायला हवं.

"कुठल्या गोष्टीचं?"

"ती पाटी."

"कोणाची?"

"तुमच्या पणजीची."

"मला चार पणज्या होत्या, मिस्टर टिडवेल. देवाने सगळ्यांनाच चार दिल्यात."

"त्या... धुणं करायच्या त्या."

"चौघीही करायच्या."

आत क्लिऑनने इस्त्री उभी करून ठेवली. चादर जळली असती.

"ज्यांचा आपण सगळे आदर करतो, त्या," मिस्टर टिडवेल म्हणाले.

"त्यांचं नाव असेल ना काहीतरी."

झुलत्या खुर्चीची कुरकुर थांबली. मग मिस्टर टिडवेल वेगळ्याच, दुकानात नसतो तशा आवाजात म्हणाले, "मिस ओझेला, मला म्हणता येत नाही असं नाही. पण माझी आजी त्यांच्याबद्दल सांगायची. लहानपणापासून मी एकच ऐकलं. आता दुसरं म्हटलं, की आजी चुकली होती असं होतं."

"चुकलीच होती," मिस ओझेला म्हणाल्या. रागाने नाही, जेवणघरात एखाद्या पोराला 'पाव संपले' सांगतात तसं. "मला तिचा राग नाही. पीच छान आहेत."

मिस्टर टिडवेल गेले. आत क्लिऑनने कपाळ इस्त्रीच्या टेबलावर टेकवलं. नुसते दोन शब्द होते, आणि माणूस अर्धा तास त्यांच्याभोवती गाडी फिरवून, कुठेही न थांबता घरी निघून गेला होता.

पण पुढच्या बैठकीत ठराव आला, आणि आणला मिस्टर टिडवेल यांनीच. ठराव असा: 'पाटीची पहिली ओळ, चर्चा झाल्याप्रमाणे, दुरुस्त करून घ्यावी.' कुणीतरी नियम चारची आठवण केली. नियम काही देवाने दिलेले नाहीत, मिस्टर टिडवेल म्हणाले. खर्चाचं विचारलं, तर म्हणाले होईल, आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. क्लिऑनने चिटणीस म्हणून विचारलं, ओळ नेमकी काय लिहायची?

"तुला माहीत आहे काय लिहायचं ते."

"इतिवृत्तात नोंदवावं लागेल, सर."

"चर्चा झाल्याप्रमाणे, असं नोंदव," मिस्टर टिडवेल म्हणाले.

फाउंड्रीच्या अर्जावर क्लिऑनने एकेक अक्षर छापील काढलं, आणि पाठवण्याआधी मिस ओझेलांना वाचून दाखवलं. दोनदा. नंतरचे नऊ महिने चादरी धुणं सुटलं नाही. महोत्सवात लोकांनी दगडी शिपायाचे कमी आणि चादरीचे फोटो जास्त काढले. डिसेंबरपर्यंत क्लिऑनची खळ बिनगुठळ्यांची झाली. हे त्याला कुणी बोलून दाखवलं नाही. फक्त टोमणे थांबले.

पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बँड, पुन्हा पाउंड केक. मिस ओझेला आता ब्याण्णवच्या. मिस्टर टिडवेल बारा मिनिटं बोलले, आणि चांगलं बोलले. क्लिऑन मोजत होता: 'आदरणीय भगिनी' सात वेळा, 'जिचा आज आपण गौरव करतो ती' पाच वेळा, 'या थोर आत्म्याने' तीनदा. नाव एकदाही नाही.

मिस ओझेला उठल्या. चादर दोन बोटांत धरून चाचपली.

"वाळलं," त्या म्हणाल्या, आणि ओढली.

'मिसेस लव्हिनिया स्टॉलवर्थ'. त्यांनी अक्षरांवर बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न थांबता. मग चौकाकडे वळून जेवणघराच्या आवाजात म्हणाल्या, "वाचा." त्या आवाजाने निम्मं गाव एकेकाळी रांगेत उभं राहिलेलं होतं. आधी शाळेची पोरं वाचायला लागली, मग त्यांच्या मागची माणसं, मग कोर्टाच्या पायऱ्यांवरचा पोलीसही. चौकात ते नाव एकदम, मोठ्याने उमटलं. नेमक्या त्याच वेळी मिस्टर टिडवेल चष्मा पुसत होते.

केक खाताना मिस ओझेला त्यांच्याजवळ गेल्या. "मिस्टर टिडवेल, तुमचं एक कापड आमच्याकडे राहिलंय."

"माझं?"

"तुमच्या घराण्याचं. धुऊन तयार आहे. समोरच्या दाराने या, कुणाकडचं धुणं न्यायला आलात तेवढं सांगा, आणि घेऊन जा."

मिस्टर टिडवेल यांनी प्लेटमधला केक काट्याने उगाच दोन भागांत केला. "येतो की," ते म्हणाले. "नक्की येतो."

त्याला आता दुसरा एप्रिल होऊन गेला. चौकातून जाताना मिस्टर टिडवेल पाटीसमोर टोपीला हात लावतात, हे क्लिऑनने स्वतः पाहिलंय. दुकानात भेटले की विषयही काढतात, जायचंय एकदा मिस ओझेलांकडे, म्हणतात. शर्ट अजून पेटीत आहे. फार दिवस एका घडीवर राहिलं तर कापड चिरतं, म्हणून मिस ओझेला दर वसंतात क्लिऑनकडून तो धुऊन, खळ घालून, घडी बदलून घेतात. चिठ्ठी पुन्हा त्याच टाचणीने लावायची. या वेळी खळ थोडी जास्त झाली, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण नेणारा अजून आलेला नाही तेव्हा दुरुस्तीला वेळ आहे, म्हणाल्या.